आटे धरतात, तेल अडवतं दुसरंच कुणी

नागपूरच्या मनीषनगरातल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये पांढरी फरशी आहे. रात्री गाडीखाली तेलाचा एक थेंब पडला तरी सकाळी तो नजरेत भरतो. माझी गाडी जुनी, डिझेलची. तिला ऑइल प्रेशर दाखवणारं मीटर मागाहून बसवलेलं आहे. एप्रिलमध्ये पहिला थेंब दिसला. गाडी गॅरेजमध्ये नेली, तिथल्या पोरानं पाना लावून मीटरचं फिटिंग, म्हणजे ते इंजिनाला जोडणारा आट्यांचा तुकडा, आवळलं आणि झालं म्हणून सांगितलं. आठ दिवसांनी पुन्हा थेंब. पुन्हा आवळलं. तिसऱ्यांदा आवळताना बारीक ‘टक्’ असा आवाज आला आणि फिटिंग ज्या ॲल्युमिनियमच्या भागात बसत होतं त्याला केसाएवढी चीर गेली. दीडदोनशे रुपयांत भागलं असतं, ते काम अख्खा भाग बदलण्यापर्यंत गेलं.

त्यानंतर गाडी नागपूरलगतच्या वाडीला नेली. अमरावती रोडवरच्या ट्रकांवर उभी हयात घालवलेले एक मिस्त्री तिथे आहेत. त्यांनी पान्याला हातही लावला नाही. आधी बोटानं फिटिंगभोवती चाचपलं, बोट पुसलं आणि म्हणाले, “भाऊ, चुडी धरते जी. अडवत नाही. अडवणारं कोण हाय, ते पाहा ना आधी.”

चुडी म्हणजे आटे. तेलाच्या पाइपांच्या गळतीबद्दल जे काही समजून घ्यायचं, ते या एका वाक्यात आहे. खाली मी ते फक्त उलगडून सांगतो.

घरातली स्टीलची पाण्याची बाटली घ्या. झाकणाच्या आत रबराची एक रिंग असते. ती रिंग काढा आणि झाकण अंगातला सगळा जोर लावून बसवा. बाटली दप्तरात आडवी ठेवली की वह्या भिजतात. रिंग परत बसवून झाकण दोन बोटांनी फिरवलं तरी थेंब येत नाही. म्हणजे पाणी अडवण्याचं काम रिंग करते. आट्यांचं काम एवढंच, की रिंग बाटलीच्या काठावर दाबून धरायची.

आटे अडवू का शकत नाहीत? कारण बाहेरचा आटा आतल्या आट्यात तंतोतंत बसला तर तो फिरणारच नाही. फिरण्यासाठी थोडी फट ठेवावीच लागते. ही फट आट्याच्या नागमोडी वळणाबरोबर आतून बाहेरपर्यंत अखंड जाते, एखाद्या गोल जिन्यासारखी. तेलाला त्या जिन्यानं चालत यायला थोडा वेळ लागतो एवढंच. मागे दाब असेल तर तो वेळही लागत नाही. कुकरची शिटी उडते तेव्हा आत साधारण १ बार दाब असतो. गरम इंजिन संथ चालत असताना तेलाचा दाब जवळपास तितकाच असतो, आणि गाडी रस्त्यावर पळते तेव्हा बहुतेक इंजिनांत तो ३ ते ५ बारपर्यंत जातो.

तेव्हा गळणाऱ्या फिटिंगसमोर बसलात की पहिला प्रश्न हा: या जोडात तेल नेमकं कुठे अडवलं जाणं अपेक्षित आहे? गाड्यांमध्ये याची चार उत्तरं मिळतात. चपट्या वॉशरवर, रबराच्या ओ-रिंगवर, धातूवर धातू टेकणाऱ्या शंकूवर, किंवा निमुळत्या आट्यांमध्ये भरलेल्या सीलंटवर, म्हणजे फट बुजवणाऱ्या लेपावर. उत्तर चुकलं की उपायही चुकतो. वॉशरच्या जोडावर टेफ्लॉन टेप गुंडाळणं म्हणजे बाटलीची रिंग हरवल्यावर झाकणाच्या आट्यांना दोरा बांधणं.

पण त्याआधी, गळती खरंच तिथूनच आहे का?

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग चांगले जोड उघडून बसतात. तेल जिथून सुटतं तिथे पडत नाही. ते पाइपवरून, इंजिनाच्या ब्लॉकवरून, एखाद्या बोल्टच्या डोक्यावरून वाट काढत सगळ्यात खालच्या टोकाला येतं आणि तिथून टपकतं. गाडी चालू असताना समोरून येणारा वारा त्याला मागे फेकतो, म्हणून पुढच्या ऑइल प्रेशर स्विचची (तेलाचा दाब पडला की लाल दिवा लावणारा तो) गळती कधीकधी गिअरबॉक्सखाली दिसते. त्यात आपल्याकडची धूळ. उन्हाळ्यात आउटर रिंग रोडनं दोन चकरा मारल्या की ओल्या जागेवर काळा चिकट थर बसतो आणि सगळंच गळत असल्यासारखं दिसायला लागतं.

उपाय साधा आहे, वेळ मात्र मागतो. इंजिन पूर्ण थंड असताना ती सगळी जागा डिझेल आणि जुन्या ब्रशनं धुवा, मग ब्रेक क्लीनरचा फवारा मारून कोरडी करा. सगळं वाळल्यावर संशयित जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरा. इंजिन पाचदहा मिनिटं चालवून बंद करा आणि टॉर्च घेऊन पाहा. पांढऱ्या पावडरवर पहिली काळी रेघ जिथून निघते, तिथे गळती. जिथे पावडर टिकत नाही तिथे प्रत्येक जोडाभोवती टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळा. मात्र पंख्याचा पट्टा आणि एक्झॉस्टचा गरम पाइप यांच्याजवळ कागद नको. ओली जागा शोधताना नेहमी खालून वर जा. सगळ्यात वरची ओली जागा गुन्हेगार असते, तिच्याखालचे सगळे साक्षीदार.

थेंब कशाचा आहे तेही पाहून घ्या. रात्री गाडीखाली खोक्याचा पुठ्ठा टाकला की रंग नीट कळतो. इंजिन ऑइल तपकिरी किंवा काळं, डिझेल गाडीत तर काळंकुट्टच. पॉवर स्टिअरिंगचं तेल बरेचदा लालसर. कूलंट हिरवं किंवा गुलाबी, आणि बोटाला तेलकट न लागता चिकट लागणारं. आणि पातळ, जवळजवळ पारदर्शक द्रव चाकाच्या आसपास दिसला तर तो ब्रेकचा असू शकतो. मग हा लेख बाजूला ठेवा आणि गाडी जागेवरून हलवू नका.

गळती कोणत्या वेळी होते, यावरूनही बरंच समजतं. आपल्या शहरात दोन टोकं आहेत. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं, आणि डिसेंबरातल्या पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो. थंडीत तेल घट्ट असतं, त्यामुळे सुरुवातीच्या मिनिटा-दोन मिनिटांत दाब सर्वांत जास्त चढतो. त्याच वेळी जुनी, कडक झालेली ओ-रिंग आकसलेली असते. म्हणून सकाळी सुरू करताना गळून नंतर आपोआप थांबणारा जोड दिसला की मी आधी रबराकडे बघतो. याउलट गाडी तापल्यावरच गळत असेल तर संशय चीर, सैल वॉशर किंवा आट्यांवर जातो. १५डब्ल्यू-४० जातीचं तेल ४० अंशांना जेवढं घट्ट असतं, त्याच्या साधारण सातपट पातळ ते १०० अंशांना होतं. शिवाय तेवढ्याच उष्णतेत ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे ॲल्युमिनियमच्या घरात बसलेल्या पोलादी फिटिंगची पकड बदलते. शहरात सिग्नल-सिग्नल चालताना कोरडी राहणारी गाडी समृद्धी महामार्गावर तासभर एका वेगानं पळाली की ओली होते, ती यामुळेच.

आता चार जोड एकेक करून पाहू.

सगळ्यात जास्त भेटतो तो वॉशरचा. टर्बोला (इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या भागाला) तेल नेणारा पाइप, अल्टरनेटरच्या मागे बसवलेल्या व्हॅक्यूम पंपाचा तेलाचा पाइप (आपल्याकडच्या कितीतरी डिझेल गाड्यांत हा असतो), तेलाचा ड्रेन प्लग, हे सगळे या घराण्यातले. पाइपाच्या टोकाला डोळ्यासारखी गोल कडी असते, तिच्यातून पोकळ बोल्ट जातो. याला बॅन्जो बोल्ट म्हणतात. कडीच्या वर एक आणि खाली एक, अशी दोन तांब्याची वॉशर लागतात. तेल या दोन वॉशरांवर अडतं, आट्यांचा त्याच्याशी संबंध नाही.

तांबं का? कारण ते मऊ आहे. दाबलं की ते समोरच्या धातूवरच्या बारीक रेघांमध्ये, खळग्यांमध्ये शिरतं आणि वाट बंद करतं. पण तांब्याचा एक स्वभाव आहे. एकदा दाबलं गेलं की ते कडक होतं. तेच वॉशर पुन्हा लावलं तर ते नव्या रेघांत शिरत नाही, मग माणूस जोर वाढवत जातो आणि बोल्ट ताणला जातो. पोकळ बोल्ट असल्यानं तो लवकर तुटतोही. म्हणून जोड उघडला की दोन्ही वॉशर नवी. किंमत इतकी कमी आहे की इथे काटकसर करू नये.

गाव लांब असेल, दुकान बंद असेल, तर जुनं वॉशर पुन्हा मऊ करता येतं. गॅसच्या निळ्या ज्योतीवर तारेत अडकवून धरा, मंद लाल दिसेपर्यंत तापवा आणि सोडून द्या. पाण्यात बुडवलंत तरी चालतं. पोलाद पाण्यात बुडवलं की कडक होतं, त्यामुळे लोक इथे घाबरतात, पण तांब्याचं तसं नाही. ते हवेत गार होवो की पाण्यात, मऊच राहतं. वर आलेली काळी पापडी अगदी बारीक पॉलिश पेपरनं, सपाट काचेवर ठेवून गोल गोल घासून काढा. ॲल्युमिनियमच्या वॉशरवर हा प्रयोग करू नका. ते लाल होण्याची वाट पाहाल आणि ते त्याआधीच वितळेल.

वॉशरच्या जोडात दोन चुका मी वारंवार पाहिल्या आहेत. पहिली, जुनं वॉशर इंजिनाच्या बाजूला चिकटून राहतं, तेलानं काळं पडल्यामुळे धातूचाच भाग वाटतं, आणि नवं त्याच्यावर बसवलं जातं. दोन वॉशर एकावर एक आली की गळती ठरलेली. नखानं कडा चाचपा, कडा लागली तर ते वॉशर आहे. दुसरी चूक ओरखड्याची. वॉशर उपसताना स्क्रू-ड्रायव्हर घसरतो आणि बैठकीवर आतून बाहेर जाणारी रेघ पडते. गोल फिरणारी रेघ त्रास देत नाही, आडवी कापणारी देते, कारण ती थेट बाहेरची वाट आहे. अशा ठिकाणी रबर जडवलेलं वॉशर कामाला येतं. धातूच्या चकतीच्या आतल्या काठाला रबराची ओठासारखी कड असते. हायड्रॉलिक होजच्या (दाब सोसणाऱ्या रबरी नळीच्या) दुकानात ‘डावटी वॉशर’ म्हणा, लगेच पुढे करतात.

आवळताना पाइप दुसऱ्या हातानं किंवा दुसऱ्या पान्यानं धरून ठेवायचा, नाहीतर बोल्टाबरोबर तो फिरतो, पिळला जातो आणि महिन्याभरानं भलत्याच जागी तडकतो. किती आवळायचं, हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये न्यूटन-मीटरमध्ये दिलेलं असतं. हा आकडा हाताला कसा समजावा? समजा २० न्यूटन-मीटर लिहिलंय. वीतभर म्हणजे साधारण २० सेंटीमीटर लांब पाना घेतला तर त्याच्या टोकावर साधारण १० किलोचा भार द्यायचा. पिठाची दहा किलोची पिशवी उचलताना हाताला जेवढं जाणवतं, तेवढंच. गॅरेजमध्ये पान्याला पाइप जोडून जो जोर लावतात तो याच्या कितीतरी पुढचा असतो. लावलेला जोर मोजणारा टॉर्क पाना मिळाला तर उत्तमच, पण नसला तरी हा हिशेब मनात ठेवून हात चालवा.

ओ-रिंगचा जोड ओळखायला सोपा. फिटिंगच्या मानेशी खाच असते आणि तिच्यात काळी, कधी तपकिरी किंवा हिरवी रिंग. आटे सरळ असतात, बोटांनी शेवटपर्यंत फिरतात. इथे टेप नको, पेस्ट नको, काहीच नको. फक्त नवी रिंग, बसवण्याआधी तिला इंजिन ऑइलचं बोट. कोरडी रिंग फिरताना मुरडते, चिरते. जुनी रिंग काढल्यावर तिचा काप पाहा. गोल असायला हवा तो एका बाजूनं सपाट झाला असेल, तर तिचं आयुष्य संपलेलं आहे.

रिंग घेताना फक्त माप जुळवून भागत नाही, रबराची जातही जुळावी लागते. नळाच्या दुकानात त्याच मापाची रिंग मिळते, आणि ती बरेचदा ईपीडीएम रबराची असते. पाण्याला ती उत्तम, पण खनिज तेलात ती फुगते आणि लिबलिबीत होते. तेलासाठी नायट्राइल हवं. ते साधारण १०० ते १२० अंशांपर्यंत साथ देतं. टर्बोजवळ त्याहून जास्त उष्णता असते, तिथे व्हायटॉन, जे २०० अंशांच्या आसपास टिकतं. दुकानदाराला ‘इंजिन ऑइलची, टर्बोजवळची’ असं स्पष्ट सांगा. मापासाठी जुनी रिंग नेता, तसा वापरही सांगितला पाहिजे.

शंकूचा जोड ऑइल कूलरच्या पाइपांवर आणि हौसेनं गाडी सजवणाऱ्यांच्या होजवर दिसतो. पाइपाचं तोंड फुलाच्या पाकळीसारखं पसरलेलं असतं, समोर त्याच कोनाचा शंकू, आणि नट दोघांना एकमेकांवर दाबतो. विमानांसाठी अमेरिकी लष्कर आणि नौदल यांनी ठरवलेल्या फिटिंगांना म्हणूनच एएन हे नाव पडलं, म्हणजे आर्मी-नेव्ही. त्यांचा कोन ३७ अंशांचा. त्यांच्या नंबराचा अर्थ इंचाचे सोळावे भाग, ६ नंबर म्हणजे ६/१६, अर्थात ३/८ इंच बाहेरच्या व्यासाची नळी. मोटारीच्या इतर कितीतरी फ्लेअरचा, म्हणजे अशा पसरलेल्या तोंडांचा, कोन मात्र ४५ अंशांचा. ३७ वर ४५ बसवलं तर नट लागतो, आवळतोही, पण धातू फक्त एका बारीक रेषेवर टेकतो. असा जोड कितीही आवळा, गळणारच. कोन जुळत असून गळत असेल तर नट सैल करून पुन्हा बसवा, दोनतीनदा हलकं आवळणं-सोडणं केलं की पृष्ठभाग एकमेकांत बसतात. त्यानंही थांबलं नाही तर पाकळीवर चीर शोधा. या जोडाच्या आट्यांवर टेप गुंडाळणं निरुपयोगी आहे, कारण तेल तिथवर पोचलं म्हणजे शंकू आधीच हरलेला आहे.

राहिला चौथा, निमुळत्या आट्यांचा. माझी गाडी इथेच फसली होती, म्हणून यावर जरा थांबतो.

ऑइल प्रेशरचा स्विच बहुतेक या आट्यांवर बसतो. हे आटे टोकाकडे बारीक होत जातात. १६ ला १ या उताराने, म्हणजे १ सेंटीमीटर लांबीत व्यास साधारण ०.६ मिमीनं बदलतो. व्हर्निअर (बारीक माप घेणारी पट्टी) असेल तर पहिला आटा आणि शेवटचा आटा मोजा, लगेच कळतं. नसेल तर हाताची खूण: निमुळतं फिटिंग बोटांनी तीनचार फेरे फिरतं आणि मग हळूहळू जड होत जातं. सरळ आट्यांचं फिटिंग मोकळं फिरत जातं आणि तळाशी एकदम टेकतं.

निमुळतं फिटिंग म्हणजे पाचर. जितकं आत जाईल तितकं घर फाकवत जाईल. लाकूड फोडताना आपण पाचर ठोकतो ती फोडण्यासाठीच. ॲल्युमिनियमच्या पातळ भागात अशी पाचर आवळत गेलं की काय होतं, ते मी गॅरेजमध्ये पाहिलं. आणि गंमत म्हणजे, हे सगळं करूनही आट्यांच्या टोकाशी आणि तळाशी तो गोल जिना उरतोच. तो बुजवायला सीलंट हवाच.

माझ्या बाबतीत सीलंट होता, तरी गळत होतं. मिस्त्रींनी फिटिंग काढून आट्यांचं माप घेतलं आणि कारण सापडलं. मीटरच्या किटमधलं फिटिंग अमेरिकी एनपीटी मापाचं होतं, इंजिनाचं भोक ब्रिटिश बीएसपीटी मापाचं. दोघांचंही नाव एकच, १/८. आपल्याकडे मिस्त्री लोक एक सूत म्हणतात, इंचाचा आठवा भाग. पण एक सुताच्या या फिटिंगचा बाहेरचा व्यास मोजलात तर तीन सुतांहूनही जास्त भरतो, कारण पाइपांची नावं जुन्या काळी आतल्या पोकळीवरून पडली. ब्रिटिश आट्याचा व्यास सुमारे ९.७ मिमी आणि इंचात २८ आटे, अमेरिकी आट्याचा सुमारे १०.३ मिमी आणि इंचात २७. या दोघांच्या मध्ये तिसरा भाऊ उभा आहे, मेट्रिक एम १०, एक-एक मिमीवर आटा. तिन्ही डोळ्यांना सारखे. तिन्ही एकमेकांत दोनतीन फेरे जातात आणि मग अडतात, आणि अडलं की वाटतं छान घट्ट बसलं.

ही भांडणं जुनी आहेत. जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ मध्ये इंग्लंडात ५५ अंशांचा आटा सुचवला, अमेरिकेत विल्यम सेलर्सनं १८६४ मध्ये ६० अंशांचा. आपले नळ आणि पाइप इंग्रजांच्या वळणाचे, जपानी वळणाच्या इंजिनांचे प्रेशर स्विचही बरेचदा त्याच ब्रिटिश आट्याचे, आणि ऑनलाइन मागवलेलं मीटर अमेरिकी. दीडशे वर्षांपूर्वीचा मतभेद माझ्या फरशीवर थेंबथेंब पडत होता. फिटिंग विकत घेण्याआधी आट्याचा गेज लावून पाहा. कंगव्यासारख्या पत्त्यांचा हा गेज महाग नसतो, आणि होजच्या दुकानात तो असतोच. जुना स्विच सोबत न्या, हे सगळ्यात खात्रीचं.

माप जुळलं की सीलंट. प्लंबरच्या हातचं सूत-सफेदा, म्हणजे दोरा आणि पांढरा लेप, इथे आणू नका. टेफ्लॉन टेपनं पाणी छान अडतं, पण तेलाच्या जोडात तिची मला भीती वाटते. आटे तिला कातरतात, तिचे तुकडे तेलाबरोबर निघतात आणि टर्बोच्या किंवा झडपांच्या बारीक भोकांत जाऊन बसतात. नळाला तुकडा अडकला तर धार बारीक होते. टर्बोला अडकला तर टर्बो जातो. शिवाय एका वायरीचा प्रेशर स्विच आपलं अर्थिंग (विजेची परतीची वाट) आट्यांमधूनच घेतो. टेपचा जाड थर दिला तर मीटर कधीकधी खोटं बोलतं.

तेलासाठी टेफ्लॉनयुक्त पेस्ट किंवा ॲनारोबिक सीलंट घ्या. ॲनारोबिक म्हणजे हवा तुटली आणि धातूचा स्पर्श मिळाला की घट्ट होणारा. बाटलीत तो वर्षानुवर्षं पातळ राहतो, आट्यांत शिरला की जमतो. पण दोन्ही आटे तेलमुक्त, कोरडे असायला हवेत. तेलकट आट्यावर लावलेला सीलंट नुसता तरंगतो. टोकाचे पहिले एकदोन आटे कोरे सोडून पुढच्या आट्यांवर गोल फिरवून लावा, म्हणजे आत काही ढकललं जाणार नाही. बोटांनी बसेल तितकं बसवा, मग पान्यानं साधारण दीड ते तीन फेरे, आणि ॲल्युमिनियम असेल तर दीडच्या जवळच थांबा. इंजिन लगेच सुरू करू नका. डब्यावर लिहिलेला वेळ द्या, रात्रभर दिला तर उत्तम.

कोपऱ्याचं किंवा टी फिटिंग असेल तर तोंड हव्या दिशेला यावं म्हणून ते मागे फिरवायचा मोह होतो. मागे फिरवू नका. निमुळता जोड अर्धा फेरा उलटा गेला तरी पाचर सैल होते. पुढे फिरवून दिशा जमत नसेल तर काढा, साफ करा, नव्यानं लावा.

लाल-काळं सिलिकॉन आणि शेलॅक यांची जागा गॅस्केटवर, म्हणजे दोन सपाट भागांमधल्या पातळ थरावर, आहे. आट्यांवर थापलं की जास्तीचं आत पिळून जातं, सुटतं आणि तेलाच्या जाळीवर जाऊन बसतं. आणि गळणाऱ्या फिटिंगवर बाहेरून एपॉक्सीची पुटी लिंपणं हे रस्त्यात अडकलेल्या माणसानं घरी पोचण्यापुरतं. कायमचं म्हणून कुणी करून देत असेल तर गाडी परत घ्या.

माझ्या गाडीत आणखी एक गोष्ट निघाली. स्विचच्या जागी पितळी टी, टी-वर ॲडॉप्टर, ॲडॉप्टरवर मीटरचा जाडजूड सेंडर (दाब मोजून मीटरला कळवणारा भाग), असा वीतभर लांब दांडा इंजिनावर आडवा लटकत होता. इंजिन चालू असताना हा दांडा सतत थरथरतो आणि मुळाशी असलेल्या त्या छोट्या आट्याला हलवत राहतो. असा जोड कितीही सुरेख सील करा, काही महिन्यांत सैल होतो किंवा पितळ तुटतं. मिस्त्रींनी सेंडर तिथून काढला, बॉडीवर क्लॅम्पनं बसवला आणि इंजिनापासून तिथवर लहानसा तेलाचा होज दिला. लोखंडी पाइपांचंही तसंच. पाइपाला धरणारी छोटी पट्टी निघून गेली असेल तर आधी ती लावा, मग जोडाकडे वळा.

होज जिथे धातूच्या टोकात दाबून बसवलेला असतो तिथून तेल पाझरत असेल, तर आट्यांशी झटायची गरज नाही. तो होज संपला. वाडीत, हिंगणा एमआयडीसीत हायड्रॉलिक होज दाबून देणारी दुकानं आहेत, जुना नेला की त्याच लांबीचा, त्याच टोकांचा बनवून देतात. घेताना इंजिन ऑइलचा आणि गरम जागेचा, हे सांगायला विसरू नका.

आटेच गेले असतील तर टॅप (आटे पाडणारं हत्यार) मारून मोठं फिटिंग बसवता येतं, किंवा हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे. पण टॅप मारताना निघणारा धातूचा चुरा तेलाच्या वाटेत पडणार नाही याची व्यवस्था हवी. टॅपच्या खाचांत ग्रीस भरतात, दर फेऱ्याला काढून पुसतात. हे काम घरी करू नका. चीर गेली असेल तर भाग बदलणं हाच मार्ग, वेल्डिंगच्या उष्णतेत तो भाग वाकडा होतो.

थोडा पाझर असेल तर घाई किती करायची? १ मिलिलिटरमध्ये साधारण २० थेंब धरा. दर दहा सेकंदांना एक थेंब म्हणजे तासाला ३६० थेंब, १८ मिलिलिटर. नागपूरहून अकोल्याला जाऊन येईपर्यंत चहाचा एक कप तेल जाईल. डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) रोज पाहत असाल तर चारदोन दिवस काढता येतात. पण गळती एक्झॉस्टच्या वर असेल तर एकही दिवस काढू नका, तापलेल्या लोखंडावर तेल पेटतं. आणि चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला तर पुढचा पेट्रोल पंप शोधू नका, इंजिन तिथेच बंद करा. दाब गेलेलं इंजिन खराब व्हायला मिनिटही पुरतं.

काम झाल्यावर तेलाची पातळी भरून इंजिन सुरू करा, संथ चालू द्या आणि जोडावर कोरडा टिश्यू दाबून पाहा. गरम होईपर्यंत थांबा, पुन्हा दाबा. मग एखादी चक्कर, वर्धा रोडनं बुटीबोरीपर्यंत जाऊन या, आणि परत आल्यावर तिसऱ्यांदा पाहा. गरम असताना पाना लावू नका. शंभरेक किलोमीटर झाल्यावर, सकाळी गाडी थंड असताना, एकदा पुन्हा टॉर्च मारा. गाडीखाली पुठ्ठा आठवडाभर राहू द्या आणि रोज त्याची जागा तीच ठेवा, म्हणजे जुना डाग आणि नवा थेंब यांचा घोळ होणार नाही. काढलेलं काळं तेल नालीत ओतू नका, आपल्या नाल्या शेवटी नदीलाच मिळतात. कॅनमध्ये भरा आणि जुनं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.